कुटुंबासाठी क्रूझ: कोणती केबिन घ्यावी, आणि डेकवरची कॅबाना खरोखर उपयोगी पडते का?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत आई-नानांच्या लग्नाला 50 वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त घरातल्या सर्वांनी मिळून क्रूझवर जायचे ठरले आहे. आम्ही एकूण नऊ जण आहोत: आई, नाना, आम्ही दोघे, आमची सहा आणि अकरा वर्षांची मुले, धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची चौदा वर्षांची मुलगी. मुंबईहून निघायचे की सिंगापूरहून, हे अजून नक्की झालेले नाही. मात्र दोन्हीकडे केबिन निवडण्याचा प्रश्न सारखाच आहे, म्हणून आताच विचारतो आहे.

नानांचा आग्रह बाल्कनीसाठी आहे. भावाचे म्हणणे असे की सगळ्यांनी आतल्या, म्हणजे बिनखिडकीच्या केबिन घ्याव्यात आणि वाचलेल्या पैशांत वरच्या डेकवरची एक कॅबाना, म्हणजे पडद्यांचा सावलीचा मंडप, भाड्याने घ्यावी. आईची अडचण निराळी आहे. तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि कन्नडचा घाट उतरतानाही तिला मळमळते. बिनखिडकीच्या खोलीचे चित्र दाखवले तेव्हा तिने एकच वाक्य उच्चारले: "माले समुद्र दखाना शे, भिंत नही." एजंट फक्त दर सांगतो, कोणती केबिन कुणाला सोसेल, हे सांगत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पांझरेचा_काठ (धुळे)

गिरणाकाठ भाऊ, आई-नानांना आधी मनःपूर्वक शुभेच्छा. मी आजवर तीन वेळा सहकुटुंब क्रूझ केली आहे, त्या आधारे लिहितो.

केबिनचा प्रकार ठरवण्याआधी तिची जागा ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला जे धक्के बसतात ते मधल्या बाकावरच्याला बसत नाहीत, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. जहाजाचेही तसेच असते. लाटेवर जहाजाचा पुढचा भाग वर जातो तेव्हा मागचा खाली जातो आणि मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो. शिवाय जितके वर जावे तितका डावी-उजवीकडचा झोल अधिक जाणवतो. त्यामुळे ज्यांना घाटात त्रास होतो त्यांच्यासाठी जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिनच घ्यावी. सर्वांत वरच्या मजल्यावरची, टोकाची, महागडी बाल्कनी आईंना तापदायकच ठरेल.

दुसरी गोष्ट म्हणजे डेकचा नकाशा उघडून आपल्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे पाहावे. पहिल्या वेळी मी हे पाहिले नव्हते. आमची केबिन नेमकी पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली निघाली. पहाटे पाच वाजता कर्मचारी डेक धुऊन आरामखुर्च्या मांडत, आणि त्या खुर्च्यांचे पाय फरशीवरून ओढल्याचा आवाज आमच्या डोक्यावर अर्धा तास चालत असे. धाकटा मुलगा रोज दचकून उठत असे आणि दिवसभर किरकिर करत असे. खोली प्रशस्त होती, खिडकीही होती, पण झोप मिळाली नाही. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा शोधावी. स्वयंपाकघर, नाट्यगृह आणि डिस्को यांच्या वरखाली राहू नये.

केळीबाग (रावेर)

माझे मत गिरणाकाठ यांच्या भावाच्या बाजूने आहे. केबिनमध्ये माणूस झोपण्यापुरता जातो, दिवस तर बाहेरच जातो. आतली केबिन सर्वांत स्वस्त असते, आणि दिवा मालवला की खोली इतकी गडद होते की शेतात पहाटे चारला उठणारा मी तिथे आठपर्यंत झोपलो. नऊ माणसांच्या खर्चात ही बचत लहान नाही.

शहादेकर (नंदुरबार जिल्हा)

केळीबाग दादा, आपल्या वयाच्या माणसासाठी ते खरे आहे, परंतु ज्येष्ठांचे तसे नसते. माझे वडील दुपारी जेवणानंतर दोन तास आडवे होतात, संध्याकाळी वारा सुटला की पुन्हा खोलीत येतात आणि रात्री नऊनंतर बाहेर पडत नाहीत. हिशेब केला तेव्हा लक्षात आले, की चोवीस तासांपैकी चौदा तास ते केबिनमध्येच होते. आम्ही त्यांना आतली खोली दिली होती. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "दिवस शे का रात, हाई बी समजत नही." ते ऐकून मला फार वाईट वाटले.

आतली केबिन घेतलीच असेल तर एक उपाय सांगतो. अनेक जहाजांवर खोलीतल्या टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याची वाहिनी असते. आवाज बंद करून ती रात्रभर चालू ठेवावी. उजाडू लागले की पडदा हळूहळू निळसर होतो आणि सकाळ झाल्याचे कळते. आम्ही तिसऱ्या रात्रीपासून तसे केले आणि वडिलांना ते मानवले.

तापीमाई (भुसावळ)

मी जहाजांवर इंजिन विभागात बरीच वर्षे नोकरी केली असल्याने काही तांत्रिक मुद्दे मांडतो.

पांझरेचा_काठ यांनी झोलाविषयी जे लिहिले आहे ते योग्य आहे. आजच्या प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात; ते डावी-उजवीकडचा झोल बराच कमी करतात, पण पुढे-मागे होणारे वरखाली कमी करू शकत नाहीत. म्हणूनच मधली जागा महत्त्वाची असते. अगदी मागच्या खालच्या केबिनमध्ये प्रोपेलरची थरथर जाणवते. अगदी पुढच्या खालच्या केबिनमध्ये पहाटे धक्क्याला लागताना थ्रस्टरचा, म्हणजे जहाज आडवे सरकवणाऱ्या पंख्यांचा, घरघराट ऐकू येतो, आणि जहाज खोल पाण्यात थांबणार असेल तर नांगराच्या साखळीचा खडखडाट होतो. जानेवारीत अरबी समुद्र बहुधा शांत असतो. पावसाळ्यात तो खवळलेला असतो म्हणूनच मुंबईचे क्रूझ तेव्हा बंद असतात. त्यामुळे आईंनी फार धास्ती घेऊ नये.

मळमळ होते ती कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरेच सांगतात म्हणून. बंद खोलीत डोळ्यांना सारे स्थिर दिसते, पण शरीर हलत असते. अशा वेळी क्षितिजाकडे पाहिले की पुष्कळ आराम पडतो. म्हणजे आईंना खिडकी हवी आहे ती केवळ हौस नाही, तिच्यामागे प्रकृतीचेही कारण आहे. गोळी कोणती घ्यावी हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे, कारण वयोवृद्धांना त्यांपैकी काही गोळ्यांनी गुंगी येते.

आणखी एक. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेला जाते. त्यामुळे किनारा डाव्या हाताला, म्हणजे पोर्ट बाजूला राहतो आणि सूर्यास्त उजव्या हाताला, म्हणजे स्टारबोर्ड बाजूला दिसतो. परतताना हे उलटे होते. खिडकीसाठी पैसे मोजायचेच असतील तर जहाज दिवसाउजेडी कोणत्या दिशेने जाणार आहे, ते पाहून बाजू निवडावी.

गिरणाकाठ (जळगाव)

तापीमाई काका, सूर्यास्ताच्या बाजूचा विचार आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. नानांनी हे वाचून वहीत लिहून ठेवले आहे. आता एक प्रश्न. बाल्कनी घेतली तर सहा वर्षांच्या मुलाची मला काळजी वाटते. कुणी लहान मुलांसह बाल्कनीत राहिले आहे का?

सातपुड्याची_लेक (चोपडा)

आम्ही राहिलो आहोत. कठडा मोठ्या माणसाच्या कमरेच्या वरपर्यंत असतो आणि दाराची कडी बहुधा उंचावर असते, त्यामुळे मुलाला ते सहज उघडता येत नाही. तरीही बाल्कनीतली खुर्ची आणि लहान टेबल कठड्यापासून दूर, भिंतीला लावून ठेवावे, कारण मूल चढते ते खुर्चीवरून. आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले होते की मोठे माणूस सोबत असल्याशिवाय ते दार उघडायचे नाही, आणि त्यात एकदाही सवलत दिली नाही.

याहून चांगली सोय म्हणजे समोरासमोरच्या केबिन. आजी-आजोबांना बाल्कनीची किंवा खिडकीची खोली घ्यावी आणि बोळ ओलांडून समोरची बिनखिडकीची खोली मुलाबाळांसाठी घ्यावी. दार उघडले की आजीचे दार समोर दिसते. दिवसा सगळे आजीकडे बसतात आणि रात्री झोपायला आपापल्या खोलीत जातात. खर्च दोन बाल्कन्यांपेक्षा पुष्कळ कमी येतो. प्रत्येक केबिनच्या नावावर एक सज्ञान व्यक्ती असावी असा बहुतेक कंपन्यांचा नियम असतो, तेवढा आधी विचारून घ्यावा.

हतनूर (वरणगाव)

मधल्या दाराने जोडलेल्या केबिन घेतल्या तर अधिक बरे नाही का?

सातपुड्याची_लेक (चोपडा)

शेजारी आपलेच माणूस असेल तर बरे. पण त्या दारातून पलीकडचे सारे बोलणे ऐकू येते. एकच केबिन लागणार असेल तर तसले दार असलेली मुळीच घेऊ नये, कारण शेजारी कोण येईल ते सांगता येत नाही.

माहेर_पारोळा (सध्या पुणे)

गुडघ्यांविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही गेलो होतो आणि त्यांचा खरा शत्रू समुद्र नव्हता, तर न्हाणीघराचा उंबरठा होता. पाणी बाहेर येऊ नये म्हणून साध्या केबिनमधल्या न्हाणीघराला वीतभर उंच पट्टी असते आणि आत शॉवरची जागा इतकी अरुंद असते की वाकले की पडदा अंगाला चिकटतो. रात्री झोपेत उठून ती पट्टी ओलांडणे त्यांना फार जड गेले. चाकांच्या खुर्चीसाठी बनवलेल्या काही केबिन बहुतेक जहाजांवर असतात. त्यांत उंबरठा नसतो, दार रुंद असते, धरायला दांड्या असतात आणि बसून अंघोळ करता येते. त्या मोजक्याच असतात आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी राखलेल्या असतात, म्हणून आईंची शस्त्रक्रिया झाल्याचे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे.

लिफ्टपासूनचे अंतरही बघावे. जहाजाचे बोळ विलक्षण लांब असतात. लिफ्टच्या अगदी दारात खोली नको, कारण तिथे रात्री उशिरापर्यंत बोलणी चालतात. पाच-सहा दारे सोडून असलेली खोली चांगली.

थोडे अवांतर: केबिनच्या भिंती पोलादी पत्र्याच्या असल्याने त्यांना लोहचुंबक चिकटते. भांड्यांच्या दुकानात मिळणारे चुंबकाचे हूक सहा-आठ न्यावेत. ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या सगळे भिंतीवर जाते. आणि आई पूजा करत असतील तर त्यांना आधीच समजावून सांगावे, की उदबत्ती, निरांजन, इस्त्री, विजेची किटली यांना जहाजावर आगीच्या भीतीने सक्त मनाई असते. सासूबाईंनी सुकी फुले आणि जपमाळ नेली होती.

केळीबाग (रावेर)

आणि शेवभाजी?

माहेर_पारोळा (सध्या पुणे)

शेवभाजी तिथे मिळत नाही, केळीबाग दादा. भारतीय जेवण, जैन जेवण सांगून ठेवल्यास मिळते. शेंगदाण्याची कोरडी चटणी आम्ही बंद पाकिटातून नेली होती, आणि तीही आधी विचारून.

गाळणा_किल्ला (मालेगाव, मूळचा धुळ्याचा)

एक कळकळीची सूचना. एजंट कदाचित "गॅरंटी" नावाची स्वस्त केबिन सुचवेल. यात प्रकार ठरलेला असतो, पण खोलीचा क्रमांक कंपनी शेवटी ठरवते. आम्ही अशा तीन केबिन घेतल्या आणि त्या तीन वेगवेगळ्या डेकवर आल्या. माझी विधवा बहीण तिच्या मुलीसह एकटीच जहाजाच्या दुसऱ्या टोकाला राहिली आणि चार दिवसांत आम्ही जेवणाच्या वेळेशिवाय एकत्र असे बसलोच नाही. मी त्या एजंटला दोष देतो, कारण आम्ही सोबत राहण्यासाठी जात आहोत हे त्याला ठाऊक होते. जोडप्याने एकट्याने जायचे असेल तर गॅरंटी घ्यावी. नऊ जणांच्या कुटुंबाने क्रमांक पाहूनच पैसे भरावेत.

खिडकीच्या केबिनमध्येही "ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू" असा शेरा आहे का ते वाचावे. त्याचा अर्थ बहुधा खिडकीसमोर जीवरक्षक नाव टांगलेली आहे. आईंना समुद्राऐवजी नावेची नारिंगी पाठ दिसेल.

तापीमाई (भुसावळ)

गाळणा_किल्ला यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: एका खोलीत चार पलंग असले तरी काही वेळा चौथ्या माणसाचे आरक्षण होत नाही. दोन पलंग छतातून किंवा भिंतीतून उघडणारे असतात. परंतु जहाजाच्या त्या भागाला नेमून दिलेल्या जीवरक्षक नावांची क्षमता भरली की तिसरी-चौथी जागा बंद होते. म्हणून चार जणांच्या केबिन लवकर धराव्यात. तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचे भाडे पहिल्या दोघांपेक्षा सहसा कमी असते, हाही फायदा आहे.

शहादेकर (नंदुरबार जिल्हा)

मुंबईचा विचार चालू आहे म्हणून सांगतो. गेल्या काही वर्षांत मुंबईहून सुटत आलेले एम्प्रेस हे जहाज 1990 मध्ये "नॉर्डिक एम्प्रेस" या नावाने सेवेत आले. त्या काळच्या जहाजांवर बाल्कन्या थोड्याच असत, त्यामुळे तिथे बाल्कनी म्हणजे बहुतांशी महागडा सूटच. आतल्या केबिनही 120 चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची दहा बाय बाराची खोली, आणि त्यातच न्हाणीघर. नव्या जहाजांवर बाल्कन्यांच्या रांगाच्या रांगा असतात. 2009 च्या "ओएसिस ऑफ द सीज" या जहाजावर तर समुद्राकडे तोंड नसलेल्या, जहाजाच्या पोटातल्या बागेकडे उघडणाऱ्या बाल्कन्याही आहेत. तेव्हा "बाल्कनी" हा शब्द वाचून थांबू नये. ती कुठे उघडते तेही वाचावे.

अमळनेरची_मावशी

मंडळी, केबिनचे झाले. कॅबाना मात्र मागेच राहिली. त्यावर मी लिहिते.

माझी मुलगी अमेरिकेत असते. तिच्यामुळे फ्लोरिडाहून निघणाऱ्या, रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजावर आम्ही सात जण गेलो होतो आणि वरच्या डेकवरची कॅबाना एका दिवसासाठी घेतली होती. तीन बाजूंना कापडी पडदे, वर छप्पर, आत एक रुंद गादी, दोन खुर्च्या, मध्ये बुटके टेबल, थंड पाणी, फळांची थाळी आणि हाक मारली की येणारा एक मुलगा, असे तिचे स्वरूप होते.

मला ती आवडली याचे कारण सांगते. केबिन कितीही चांगली असली तरी ती माणसांना दोन-दोन, तीन-तीन करून दारांमागे बंद करते. आपल्या घरांना ओटा असतो. कुणी शेंगा सोलत बसते, कुणी पेपर वाचते, मुले येतात-जातात आणि म्हातारी माणसे न बोलताही सगळ्यांत असतात. जहाजावर तो ओटा नव्हता आणि कॅबानाने तो दिला. माझे यजमान सकाळी नऊला तिथे जाऊन बसले. नातवंडे पोहून ओल्या अंगाने येत, त्यांच्या थाळीतले कलिंगड उचलत आणि पळत. दुपारी धाकटी नात त्यांच्या मांडीवर झोपली आणि पडदा ओढून आम्ही तिच्यावर सावली केली. त्या प्रवासातला मला सगळ्यांत स्पष्ट आठवतो तो हाच दिवस.

याच कंपनीच्या बहामाजमधल्या कोकोके बेटावर पाण्यावर तरंगणाऱ्या कॅबाना आहेत, त्यांना झुला आणि थेट समुद्रात उतरणारी घसरगुंडी असते. त्या आम्ही फक्त लांबून पाहिल्या. भाडे आमच्या आवाक्याबाहेर होते.

पांझरेचा_काठ (धुळे)

मावशी, आपले वर्णन वाचून मन भरून आले, तरीही मी थोडा विरोध नोंदवतो. वरच्या डेकवर वारा किती असतो याचा हिशेब करावा. जहाज 18 नॉट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे 33 किलोमीटर वेगाने जात असते. समोरून 15 नॉटचा वारा आला तर कॅबानात बसलेल्या माणसाला ताशी 60 किलोमीटरचा वारा लागतो. आमच्या वेळी पडदे इतके फडफडत होते की बोलणे ऐकू येत नव्हते आणि दुपारी वाऱ्यामुळे कॅबाना बंदच करण्यात आल्या. पैसे परत मिळण्याचा नियम आम्ही आधी विचारला नव्हता.

अमळनेरची_मावशी

आपला मुद्दा रास्त आहे. आमची कॅबाना काचेच्या उंच भिंतीआड होती म्हणून बहुधा त्रास झाला नाही. म्हणजे कॅबानाचीही जागा नकाशावर पाहायला हवी, केबिनसारखीच. आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. एक, त्या भागात मुलांना प्रवेश आहे का. प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांवरचा "सँक्च्युअरी" हा भाग केवळ प्रौढांसाठी आहे, तिथे नातवंडांविना बसावे लागेल. दोन, किती माणसांची मुभा आहे. साधारणतः दोन ते चार जणांचा हिशेब असतो आणि नऊ जण एकाच वेळी मावणार नाहीत. तीन, भाडे दिवसाचे आहे की संपूर्ण प्रवासाचे. जहाज दिवसभर समुद्रातच असेल तो दिवस घ्यावा. बंदराच्या दिवशी सगळे खाली उतरतात.

हतनूर (वरणगाव)

नऊ जण न मावणारा ओटा घेऊन काय करायचे? त्यापेक्षा सकाळी लवकर उठून सावलीतल्या फुकटच्या खुर्च्या धराव्यात.

अमळनेरची_मावशी

ओट्यावर तरी सगळे एकाच वेळी कुठे बसतात? येऊन-जाऊन असतात. खुर्च्यांचे म्हणाल, तर टॉवेल टाकून अडवलेली रिकामी खुर्ची ठरावीक वेळानंतर कर्मचारी मोकळी करतात, आणि कुणाच्या तरी आजीने तिथे राखण करत बसायचे, हे मला पटत नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर हा सगळा धागा घरात मोठ्याने वाचला. आता ठरले ते असे.

आई-नाना आणि पुतणी यांच्यासाठी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची, नावेआड न येणारी खिडकीची केबिन. पुतणी छतातून उघडणाऱ्या पलंगावर झोपायला आनंदाने तयार आहे आणि रात्री आजीला उठायचे झाल्यास सोबत होईल. आम्हा चौघांची आणि भाऊ-वहिनींची अशा दोन आतल्या केबिन, शक्य तर बोळाच्या पलीकडे समोरच. बाल्कनीचा हट्ट नानांनी आपणहून सोडला. खिडकी सूर्यास्ताच्या बाजूची असावी, एवढीच त्यांची अट आहे. उंबरठा नसलेली केबिन मिळते का, हे आज लेखी विचारले आहे. कॅबाना एकाच दिवसासाठी, आणि तीही वाऱ्याचा आणि परताव्याचा नियम वाचून. जहाजावर तशी सोय नसेल तर आई-नानांसाठी सावलीच्या दोन खुर्च्या आम्ही भाऊ पाळीने सांभाळू.

एक शंका उरली होती ती आईनेच सोडवली. शहादेकर यांनी लिहिलेल्या जहाजाची लांबी सुमारे 211 मीटर आहे, तेव्हा लिफ्टपासून खोलीपर्यंत तिला चालवेल का, असे मी विचारले. तिने चपला घातल्या, दारापासून गल्लीतल्या निंबापर्यंत आणि परत अशी पावले मोजली आणि येऊन सांगितले, "साठ पावलं. तेवढं मी चालसू."

तापीमाई (भुसावळ)

साठ पावलांत मधल्या लिफ्टपासून पाच-सहा दारे आरामात होतात. नकाशा मिळाला की इथे टाकावा. क्रमांक मी पाहून देईन.